भिंतीलगतचा वाफा

रविवार होता, गिरणीला सुट्टी होती, मी अंगणात लुगडं आपटत होते आणि भिंत खोकली. हातातला पिळा तसाच दगडावर राहिला. माझ्या अंगणाची उगवतीची बाजू म्हणजे हिंदुरावाच्या घराची पाठ. सबंध मातीची आंधळी भिंत, ना खिडकी ना झरोका. इतक्या वर्षांत त्या भिंतीतून कधी हूं की चूं आलं नव्हतं, कारण त्या अंगाला त्यांच्या ज्वारीच्या कणग्या असायच्या आणि माणसं पलीकडच्या खणात निजायची. आता श्रावणात त्याची बायको गेली, पाठोपाठ त्याच्या डाव्या अंगावरून वारं गेलं, कणग्यांत काही राहिलं नाही, आणि समोरच्या कमलम्माच्या नवऱ्यानं त्याची बाज ओढून या भिंतीला लावून दिली, इथं दाराची झुळूक लागते म्हणून. हे सगळं कमलम्मानं मला मागाहून सांगितलं. त्या घटकेला एवढंच कळलं की तो माणूस माझ्यापासून दीड हातावर आडवा पडलाय, मध्ये नुसती माती आहे, आणि त्याला वाटतंय आपण सुखरूप घरात आहोत. मी लुगडं पुन्हा धुवायला घेतलं. इतकं आपटलं, इतकं आपटलं की काठ उसवला.

हिंदुराव म्हणजे माझ्या मालकांचा चुलतभाऊ, नात्यानं माझा दीर. आमची सोनी चार वर्षांची असतानाच मालक गेले. त्यानंतर पोर ह्याच्याच खांद्यावर बसून गड्ड्याची जत्रा बघायची, ह्याच्याच ताटातली भाकरी खायची, तेव्हा मी काही बोलत नव्हते, पोरीला बापाच्या जागी कुणीतरी हवं म्हणत होते. आणि त्याच माणसानं माझ्या पोरीचं वाटोळं केलं. मैंदर्गीचं स्थळ आलं होतं. बारमाही पाण्याची विहीर, मळा, एकुलता एक मुलगा, सासू देवभोळी. सुपारी फुटली. सुपारीचं ताट कुणी धरलं होतं, सोनीच्या अंगावर कोणतं लुगडं होतं, कुणी कितीदा चहा घेतला, अजून विचारा, मी सांगते. पाहुण्यांना पोचवायला हा स्टेशनवर गेला आणि गाडी यायच्या आधी नवऱ्या मुलाच्या चुलत्याच्या कानाला लागला. म्हणाला, पोरीच्या घोट्याला कोड हाय, मागनं म्हणू नका सांगितलं न्हाय. वैशाख होता. धाब्यावर, घराच्या छतावर टाकायला गल्लीत घरोघर पांढरी माती तुडवणं चाललं होतं, लहानथोर सगळ्यांचे पाय घोट्यापर्यंत पांढरे, सोनीचेही. धुतले तरी सांध्यासांध्यात ती माती राहतेच. त्यांनी ते पाय पाहिले होते, आता आठवून आठवून बघितले असतील. तिसऱ्या दिवशी माणूस आला, नको म्हणाला, आणि कोण काय बोललं तेही सांगून गेला. मी सोनीला धरून गल्लीत आणली, दगडावर उभी केली, काथ्यानं तिचे पाय घासले, रक्त येईस्तोवर घासले, आणि ओरडले, बघा, डोळे फाडून बघा, कुठं हाय कोड! सगळ्यांनी बघितलं. पण ज्याला दिसायचं त्याला दिसतंच. तीन वर्षं उंबऱ्याला कुणी आलं नाही. शेवटी केमचा बिजवर मिळाला, रेल्वेत रूळ बदलणारा सांधेवाला, पहिल्या बायकोची दोन मुलं. दिली. डोळे पुसले आणि दिली.

तेव्हापासून नळावर तो दिसला की माझी तळपायाची आग मस्तकात जायची. तुझ्या जिभेला किडे पडतील म्हणायची मी, तुझ्या घरात दिवा राहायचा न्हाय म्हणायची. तो मान खाली घालून घागर भरायचा आणि निघून जायचा. एकदासुद्धा उलटून बोलला नाही. अपराधी माणूस बोलणार काय? इंग्रजांनी सोलापुरात मार्शल लॉ लावला त्या दिवसांत गल्लीतली माणसं भिऊन एकमेकांच्या घरात जमायची, भांडणतंटा विसरून एका चुलीवर रांधायची, तेव्हाही मी एकटी आतून कडी लावून बसले. गोळी लागली तरी चालेल, पण त्याच्या सावलीला नको. माझी सावली त्याच्यावर पडली तरी नको. आता तोच माणूस भिंतीला पाठ लावून खोकतोय, आणि ती भिंत माझ्या अंगणात आहे.

मी भिंतीकडे बघायला लागले. इतकी वर्षं समोर होती, पण बघितली नव्हती. खाली काळ्या दगडाचे दोन थर, माझ्या गुडघ्याएवढे. वर सगळी पांढरी माती, तिच्यावर शेणानं लिंपलेलं. दगडाला पाणी काही करत नाही. मातीला करतं. मी मातीच्या घरात जन्मले, मातीच्या घरात विधवा झाले, मला हे कुणी शिकवायला नको. भिंतीच्या बुडाशी पाणी सोडलं तर ते दगडातून उतरून जाईल, कुणाला काही होणार नाही. पाणी त्या दोन थरांच्या वर जायला पाहिजे. आणि पाणी वर न्यायचं तर त्याच्या खाली आधी मातीच वर न्यायला पाहिजे. हे असं नीट शब्दांत सुचलं नाही. भाकरी थापता थापता हाताला सुचलं. हात थांबला, भाकरीला भोक पडलं, मला हसू आलं. किती दिवसांनी आलं!

दसरा झाल्यावर मी वाफा बांधायला घेतला. गल्लीला सांगितलं, आमच्या अंगणात सगळा मुरूम, मेथीचं पानसुद्धा धरत नाही, म्हणून उंच वाफा करतेय. खोटं नव्हतंच ते. वडारांच्या टाकलेल्या ढिगातून शहाबादी फरशीचे तुकडे डोक्यावर वाहून आणले, चर खणून तीन बाजूंनी उभे पुरले, बाहेरून दगडांचा टेका दिला. मांडीपर्यंत उंची, दोन हात रुंदी, भिंतीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत लांबी. चौथ्या बाजूला भिंत. फरशा उभ्या करायच्या आधी खुरपं घेऊन भिंतीचं शेणलिंपण खरवडून काढलं, आतली माती उघडी केली. खरवडताना आतून त्याचं कण्हणं ऐकू येत होतं आणि माझा हात आणखी नेटानं चालत होता. गाढवावरून काळी माती आली. लेंडीखत मायाप्पा धनगरानं आणून दिलं. म्हातारा पाटी रिकामी करून उभा राहिला, वाफ्याकडे बघितलं, भिंतीकडे बघितलं.

"बाय, भितीला चिकटून वाफा करत न्हाईत. हातभर सोडावं लागतंया."

"माझं आंगण हाय."

"आंगण तुमचं, पर भित कुणाची?"

"तुमी मेंढरं राखा," मी म्हणाले.

तो गेला. मी फरशीच्या बाजूनं माती धुम्मसानं ठोकून ठोकून घट्ट केली आणि भिंतीच्या बाजूनं भुसभुशीत ठेवली. वरचा उतारही भिंतीकडेच दिला, आणि भिंतीच्या कडेनं बोटभर खोल पन्हळ. हात कोपरापर्यंत मातीत होते. किती वर्षांनी मी काहीतरी स्वतःसाठी करत होते. गिरणीत दिवसभर दुसऱ्यांचं सूत भरायचं, घरी येऊन एका माणसाचा स्वयंपाक, तो खायला आपणच. आता पहाटे भोंग्याच्या आधी जाग यायची आणि उठावंसं वाटायचं. माझ्या वयाच्या बाईला उठावंसं वाटणं म्हणजे काय, ते मला विचारा.

लावायचं काय? मेथी नको, चुका नको, ती थोडक्या पाण्यात भागवतात. मी अळू लावला. कमलम्माच्या मोरीपाशी चार गड्डे होते, तेच मागून आणले. सोलापुरात अळू म्हटल्यावर गल्ली हसली. प्यायला पाणी भरताना मारामारी, आणि ही बाई अळू लावते! "अळूला पाणी फार लागतंय की हो," कमलम्मा म्हणाली. मी म्हणाले, मोरीचं घालते, भांड्यांचं घालते, हौस आहे एकेकाची. मोरीचं घातलं, भांड्यांचं घातलं, आणि वर सकाळी पाच घागरी, संध्याकाळी पाच. नळावरून घरापर्यंत कंबर मोडून यायची. घागर वाकडी करून पन्हळीत सोडायची आणि बघत राहायचं. पाणी जरा वेळ थांबायचं, मग भिंतीच्या अंगानं खाली जायचं. पी बाबा, पी. ती पिण्याची चाहूल मला कानानं लागायची, किंवा लागते असं वाटायचं. खोटं कशाला बोलू, तो मरावा असंच मी म्हणत होते. दर घागरीला म्हणत होते. पहिल्यांदा म्हणताना जीभ अडखळली, नंतर पाणी आणि शब्द बरोबरच पडायला लागले.

दिवाळीला ओल फरशीच्या वर वीतभर चढली होती. मार्गशीर्षात माझ्या छातीपर्यंत. भिंत काळी पडली, आणि काळ्याच्या वरच्या कडेला लोणा फुलला, पांढरा, पीठ उडाल्यासारखा. अळू तर असा माजला की पान सुपाएवढं. कमलम्मा रोज कौतुक करायची. तीच हिंदुरावाला दोन वेळची भाकरी नेऊन द्यायची. एके दिवशी म्हणाली, "तुमच्या दिराला फदफदं खावं वाटतंय म्हणे. द्या की चार पानं." मी चांगली जून, काळ्या देठाची पानं निवडून दिली. चिंच भरपूर घाल असं काही बोलले नाही. दुसऱ्या दिवशी दुपारपासून भिंतीतून घसा खाकरणं सुरू झालं, खाकरतोय, पाणी पितोय, पुन्हा खाकरतोय. मी पदर तोंडात कोंबून हसले. ज्या गळ्यातून ते शब्द आले होते त्याच गळ्याला खाज. हसता हसता डोळ्यांत पाणी आलं आणि मला सोनीची फार आठवण झाली. काथ्याखाली तिचे पाय कसे थरथरत होते ते आठवलं. एक शब्द बोलली नव्हती ती तेव्हा. रडलीही नव्हती.

सोनी संक्रांतीच्या गड्ड्याला आली, दोन दिवसांसाठी, एकटीच. जरा भरली होती अंगानं. सावत्र मुलं तिला आई म्हणतात, धाकटा तिच्याशिवाय जेवत नाही, नवऱ्यानं क्वार्टरच्या दारात तिला मोगरा लावून दिलाय, असं काहीबाही सांगत होती. मी ऐकत होते, पण विश्वास ठेवत नव्हते. पोरगी आईला बरं वाटावं म्हणून बोलते, ते आईला कळत नाही होय? सकाळी मी भाकऱ्या करत होते. ती म्हणाली, मी पाणी घालते अळूला. घागर ठेवल्याचा आवाज आला आणि मग बराच वेळ काही नाही. मी बाहेर आले. ती भिंतीपाशी उभी होती.

"आये, भितीत बोट जातंय."

"जाऊ दे."

"काका ह्याच भितीला निजत्यात. कमलम्मानं सांगितलं."

"ठावं हाय मला."

तिनं माझ्याकडे बघितलं. मग खरवडलेल्या मातीकडे, फरशीच्या तीन बाजूंकडे, पन्हळीकडे. माझीच पोर ती, मातीच्या घरातली. तिला काही सांगावं लागलं नाही. तिचा चेहरा असा झाला की मला वाटलं ही आता माझ्या गळ्यात पडेल. सात वर्षांनी का होईना, हिच्यासाठी कुणीतरी काहीतरी केलं.

"तू मैंदर्गीपायी केलंस हे?"

"मग काय हौसेनं?"

ती वाफ्याच्या फरशीवर बसली. घागर पायाशी. "आये, मैंदर्गी मी मोडायला लावली. मीच काकास्नी म्हणलं, कसं बी करून मोडा."

मी म्हणाले, काय बोलतेस? ती जमिनीकडे बघून बोलत राहिली. सुपारीच्या आधी मला बघायला आल्या होत्या त्या बायका, म्हणाली, मी चहा दिला तर त्या आपसात कानडीत काहीतरी बोलल्या आणि हसल्या. समद्या हसल्या. "तू बी हसलीस त्येंच्याबरुबर. तुला तर एक अक्षर कळत न्हवतं. मला वाटलं, जलमभर त्या घरात माणसं हसणार आन् मला कळायचंच न्हाय, माझ्यावर हसत्यात का आनि कशावर. लई भ्या वाटलं मला." पंधरा वर्षांची होते, म्हणाली. आता कुणी सांगितलं तर हसू येतं. पण तेव्हा जीव द्यावासा वाटला होता.

"आन् कोडाचं?"

"ते मी न्हाय सांगितलं. त्येंनी स्टेशनवर काय सांगितलं ते मला बी तुझ्याच तोंडनं कळलं. काकास्नी दुसरं काय सुचलंच न्हाय. मला म्हणले, चुकलं माझं पोरी, पर आता माझ्याच नावावर ऱ्हाऊ दे, तुझ्या आयला कळलं तर ती तुला जित्ती सोडायची न्हाय. माझं काय, मी शिव्या खातो."

"सात वर्षं," मी म्हणाले. "सात वर्षं तू गप बसलीस!"

"तुला काय सांगायची सोय हाय का आये?"

मला वाटलं होतं, खरं काय ते कळल्यावर माणूस निवतो. कुठलं काय! अंगाचा नुसता भडका उडाला. तो निर्दोष निघाला म्हणून मी निवावं? माझ्या पोरीच्या मनात होतं ते तिनं त्याला सांगितलं. मी नऊ महिने पोटात वागवली, गिरणीत उभी राहून वाढवली, आणि जीव द्यावासा वाटला तेव्हा ही उठून गेली कुणाकडे, तर त्याच्याकडे. आणि हे दोघं मिळून सात वर्षं माझ्या शिव्या ऐकत होते, मला बोलू देत होते, वेड्या बाईला देतात तसं. मैंदर्गीचा मळा गेला त्याचं मला त्या क्षणी काही वाटलं नाही. ह्यानं माझं ह्याहून मोठं काही नेलं होतं, आणि मला आजपर्यंत पत्ता नव्हता. घागर भरलेली होती. पन्हळीत ओतायला मी ती उचलली. सोनीनं माझा दंड धरला. "मी काकास्नी भितीचं सांगून येते," ती म्हणाली. "तू न्हाय जायचं पुन्ना त्येच्याकडं," मी म्हणाले, "मी जाते." घागर तिथंच आपटली, आणि पदर खोचून गल्लीतून वळून त्याच्या दारात गेले. कमलम्मा जात्यावर होती, तिचा हात थांबला. सात वर्षांत मी तो उंबरा ओलांडला नव्हता.

आत ओलीचा वास होता. बाहेरून दिसत होती त्याहून आतून भिंत वाईट होती. त्याच्या उशापाशी लिंपणाचा पोपडा सुटून बाजेवर पडला होता आणि तो त्याच्याशेजारी तसाच निजला होता. दाढी वाढलेली, तोंड एका बाजूला ओढलेलं. इतका लहान झाला असेल असं मला वाटलं नव्हतं. मी ज्याला मारत होते तो धिप्पाड होता.

"कोण? कमलम्मा?"

"मी हाय."

मी बाजेचे पायथ्याकडचे दोन्ही पाय धरले आणि ती ओढली. फरफटत, त्याच्यासकट, थेट समोरच्या भिंतीपर्यंत. हलकी लागली. तो चांगल्या हातानं कडेला धरून राहिला होता.

"काय झालं, वहिनी?"

"भित पडायची हाय."

"पाण्यानं?"

"व्हय."

"अळू लई चांगला आलाय, कमलम्मा म्हणत व्हती." शब्द तोंडातून वाकडे येत होते, पण कळत होते. "पाणी जास्ती झालं असंल."

"मुद्दाम घातलं," मी म्हणाले. "तुमच्या अंगावर पडावी म्हणून घातलं. दसऱ्यापासनं घालतिया."

त्यानं माझ्याकडे नीट बघितलं. त्याला राग आला असता तर मला बरं वाटलं असतं. तो म्हणाला, "मग आता का सांगताय?"

"सोनीनं सांगितलं समदं."

त्यानं डोळे मिटले. मग मात्र माझा बांध फुटला. मी कडाकडा बोलले. म्हणाले, कोडाचं सांगितलंत त्याचं मी एक वेळ गिळीन, पोरीनं मोडा म्हटलं आणि तुम्ही अडाण्यासारखं मोडलंत, गिळलं ते. पण ती तुमच्याकडं का आली? मी मेले होते काय? आईला टाकून चुलत्याकडं जायचं कुणी शिकवलं तिला? तुम्हीच. लहानपणापासून खांद्यावर घेऊन घेऊन तुम्हीच तोडलीत तिला माझ्यापासून. बोलताना माझा आवाज फाटला. मला त्याच्यासमोर रडायचं नव्हतं, पण रडले.

"तसं न्हाय, वहिनी," तो म्हणाला. "ती आधी तुमच्याकडंच आलती."

"कवा?"

"सुपारीच्या आदल्या दिवशी. मी वर धाब्यावर माती पसरत व्हतो. तुमी आंगणात तुडवत व्हता. वरनं समदं दिसतंया. ती येऊन तुमच्याजवळ हुबी ऱ्हायली. बराच वेळ हुबी व्हती. मग कायतरी म्हणाली तुमास्नी. त्याच्यानंतर शिडीनं वर आली माझ्याकडं."

"काय म्हणाली?"

"ते वरनं ऐकाय आलं न्हाय."

"आन् मी? मी काय म्हणाले?"

त्यानं चांगल्या हातानं पांघरूण वर ओढलं.

मी आठवायला लागले. माझं डोकं असं नाही, की विसरेल. त्या आठवड्याचा दिवसन्‌दिवस माझ्यापाशी आहे. मंगळवारी माती आली, बुधवारी भिजवली, त्यात भुसकट कमी पडलं म्हणून कमलम्माकडून आणलं, गुरुवारी पाहुण्यांचा सांगावा आला, ताटाला कडेला पोचा होता, चुलत्याच्या कानात भिकबाळी होती, सासू डाव्या हातानं पान लावायची. सात वर्षं रोज काढून काढून पुसून ठेवलेलं सगळं. त्यात सोनी माझ्याजवळ येऊन उभी राहिलेली कुठंच नव्हती. अंगण दिसत होतं, माती दिसत होती, माझे पाय वर-खाली होताना दिसत होते. पोर दिसत नव्हती.

"भाऊजी, सांगा की. काय म्हणाले होते मी?"

"तुमी तिच्यावर वरडलात, साऱ्या गल्लीला ऐकाय गेलं व्हतं ते," तो म्हणाला. "पर ते माझ्या तोंडानं कशाला? सोनीला इचारा." आणि कष्टानं कूस बदलून त्यानं तोंड फिरवलं.

मी वळले. सोनी माझ्या मागोमाग आली होती आणि उंबऱ्याच्या बाहेर, गल्लीत उभी होती. आत येऊ की नको अशी. मी हात पुढे केला असता तर तिला लागला असता. तेव्हा मी तुला काय म्हणाले, एवढंच विचारायला मी तोंड उघडलं, आणि ती काय सांगेल या भीतीनं पुन्हा मिटलं.